विद्यापीठात सस्टेनेबिलिटीची पदवी सुरू करायचीये, सगळ्या विभागांची भेळ होऊ नये म्हणून काय करावं?

काठावरची_मास्तरीण | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आलीये. मी प्राणीशास्त्र शिकवते, सोळा वर्षं झाली. विद्यापीठाचं नाव नको, कोल्हापूर-सांगली पट्ट्यातलं समजा. दोन महिन्यांपूर्वी कुलगुरूंनी एका मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं की पुढच्या जूनपासून आपण सस्टेनेबिलिटीची, म्हणजे पर्यावरण सांभाळून टिकेल असा विकास कसा करायचा याची, चार वर्षांची पदवी सुरू करतोय, आर्ट्स कॉमर्स सायन्स कुठूनही बारावी केलेल्या मुलांना खुली, आणि समितीत मी, अर्थशास्त्राचे एक सर, रसायनशास्त्र आणि भूगोलाचे एकेक जण आणि कॉमर्सच्या एक मॅडम. सगळे चांगले लोक आहेत, भांडण कुणाशीच नाही हे आधीच सांगते.

पहिल्या मीटिंगला प्रत्येकानं काय केलं तर आपापल्या विभागाचे पेपर आणले, जे आधीपासून शिकवतोच आहोत तेच, फक्त नावाच्या आधी 'ग्रीन' नाहीतर 'पर्यावरणीय' लावून. मीही तेच केलं, उगाच साळसूदपणा कशाला. इकॉलॉजीच्या माझ्या जुन्याच नोट्स. सगळं एकत्र मांडलं तर पदवीला लागणारे १७६ क्रेडिट व्यवस्थित भरतात, तक्ता तर इतका देखणा झाला की लगेच सह्या कराव्यात. पण मला तो बघून भेळच आठवली, आणि भेळेत निदान चिंचेचं पाणी तरी असतं सगळ्याला धरून ठेवायला. ज्या खोलीत आम्ही हे करत होतो तिच्या खिडकीतून नदी दिसते. २०१९ ला त्याच खोलीत पूरग्रस्तांची अंथरुणं होती. आणि आमच्या तक्त्यात पूर हा शब्द एकदा आला होता, भूगोलाच्या पेपरात चौथ्या युनिटमध्ये, मे महिन्याच्या आसपास, म्हणजे पोरं यायची बंद होतात तेव्हा.

तर प्रश्न असा की हे वेगळ्या पद्धतीनं कसं बांधायचं? कुणी केलंय का आपल्याकडे? डिग्री बीए म्हणायची की बीएस्सी? बारावी आर्ट्सच्या मुलाला किती गणित झेपेल? दोन विभागांच्या दोघांनी मिळून एक वर्ग घ्यायचा म्हटलं तर वर्कलोड कुणाच्या नावावर? आणि पालक पहिल्याच दिवशी विचारणार की पुढं नोकरी काय, त्याचं खरं उत्तर काय द्यायचं, ब्रोशरमधलं नको.

मराठी नावावरून पण गाडी अडलीये. 'शाश्वतता' म्हटलं तर आमचे हेडक्लार्क म्हणाले, मॅडम हे अध्यात्माचं आहे का?

---

जुनी_खडूपेटी | सोमवार, रात्री ११.५५

हेडक्लार्कना माझा नमस्कार सांगा 😄

निवृत्त झालोय म्हणून मोकळेपणानं लिहितो. अभ्यास मंडळावर बरीच वर्षं काढली, त्यामुळे ही भेळ मी स्वतः बनवलेली आहे, एकदा नाही दोनदा.

आधी एक जुनी गोष्ट, कारण ती विसरली की तीच चूक परत होते. सुप्रीम कोर्टानं १९९१ साली एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सांगितलं की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा. पदवीला तो खऱ्या अर्थानं यायला २००३-०४ उजाडलं, परत कोर्टानंच कान पिळल्यावर. पेपर चांगला होता, अभ्यासक्रम वाईट नव्हता, त्यात फील्डवर्क पण होतं. पण तो पेपर कुठल्याच विभागाचा नव्हता. मग व्हायचं काय तर ज्याचे तास कमी भरतायत त्याला ईव्हीएस, म्हणजे हाच पर्यावरणाचा पेपर, द्यायचा. आमच्याकडे एक वर्ष तो इंग्रजीच्या सरांनी घेतला, पुढच्या वर्षी जिमखान्याच्या सरांनी. आणि प्रोजेक्ट कॉलेजच्या समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळायचे, तळ्याचा एक, कचऱ्याचा एक, नाव घालून बाइंडिंग करून. मी स्वतः एकाच तळ्याचे चाळीस प्रोजेक्ट तपासलेत, सगळ्यांत बेडूक तेवढेच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, पेपर ठरवायच्या आधी या कोर्सला घर द्या. दोन तरी माणसं पूर्णवेळ याच कोर्सची पाहिजेत, बाकीचे पाहुणे चालतील. नुसत्या पाहुण्यांवर कोर्स उभा केलात तर तिसऱ्या वर्षी तासिका तत्त्वावरची दोन पोरं-पोरी तो ओढत असतील आणि समिती फोटोपुरती.

आता कागदाचं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात चार विद्याशाखा आहेत आणि त्यातली चौथी चक्क आंतरविद्याशाखीय अभ्यास अशी आहे. ऐकायला वाटतं की हे आपल्यासाठीच केलंय. प्रत्यक्षात तिच्यात शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता अशी मंडळी राहतात, प्रत्येकाची खोली वेगळी. तरी पण तुमचा प्रस्ताव तिथूनच न्या असं मी म्हणेन, कारण विज्ञानाच्या अधिष्ठात्यांकडून गेलात तर अर्थशास्त्राचं काय काम असं विचारतील आणि मानव्यविद्येकडून गेलात तर प्रयोगशाळा कशाला लागते असं विचारतील. तुमचं विद्यापीठ सरकारी नसेल तर हा भाग सोडून द्या, पण भांडणं तीच असतात.

डिग्रीचं नाव मनानं ठेवता येत नाही हे कुलगुरूंना आजच सांगा. यूजीसीनं पदव्यांची नावं ठरवून दिलीयत, २०१४ ची राजपत्रातली यादी आहे. 'बॅचलर ऑफ सस्टेनेबिलिटी' असं झकास काहीतरी छापलंत तर पोराच्या पुढच्या अ‍ॅडमिशनला ते प्रमाणपत्र घेऊन तोच बिचारा खिडक्या हिंडणार. बीए किंवा बीएस्सी, कंसात विषय. आणि पोरांना हे पण सांगा की याच नावावर नेट देता येत नाही, नेटला पर्यावरण विज्ञान हा विषय आहे, त्यामुळे प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएस्सी कशात करणार ते आधी ठरवायला लागेल. एमपीएससीला कुठलीही पदवी चालते, तिथे अडचण नाही. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर मात्र अडचण आहे, बीएडला शालेय विषय लागतो आणि सस्टेनेबिलिटी नावाचा तास शाळेत नसतो.

वर्कलोडवर उद्या लिहितो, झोप आली.

---

मधल्या_बाकावरची | मंगळवार, सकाळी ९.१०

मी असाच एक कोर्स केलाय. पुण्यात, कॉलेजचं नाव नको. त्यामुळे विद्यार्थ्याच्या बाजूनं लिहिते.

पहिल्या सेमिस्टरला पाच विषय होते आणि पाचही सरांनी पहिल्या लेक्चरला ग्रीनहाऊस इफेक्ट शिकवला. पाच वेळा!! केमिस्ट्रीच्या सरांनी रेणू काढून, भूगोलाच्या मॅडमनी नकाशा काढून, इकॉनॉमिक्सच्या सरांनी 'तुम्हाला माहीतच असेल' असं म्हणून परत तेच. कुणाला माहीतच नव्हतं की दुसरा काय शिकवतोय. आम्ही मागे बसून मोजायचो, आज कितवा. आणि तिसऱ्या वर्षी जेव्हा खरंच एक गाव घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडायची वेळ आली, पाऊस किती पडला, वाहून किती गेलं, विहिरीत किती मुरलं, पिकानं किती घेतलं, तेव्हा आमच्यातल्या कुणालाच एकरातून हेक्टर आणि मिलिमीटरमधून घनमीटर धड करता येईना. साधं आहे हो, एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा घनमीटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. हे मला एका गावातल्या जलसुरक्षकानं शेताच्या बांधावर बसून शिकवलं, कॉलेजनं नाही.

गणिताचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी बारावी आर्ट्स. मला कॅल्क्युलस नाही लागलं कधीच. पण टक्केवारी, युनिट बदलणं, सरासरी आणि तिच्याभोवतीचा पसारा, एक्सेलशीट, आणि एखादा आकडा बघितल्यावर 'हा अशक्य आहे' असं वाटण्याची सवय, हे रोज लागतं. हे पहिल्याच सेमिस्टरला सगळ्यांकडून करून घ्या, सायन्सच्या पोरांकडून पण, त्यांना येतं असं त्यांना फक्त वाटतं. आणि उलटं पण करा. सायन्सच्या मुलांना एका म्हातारीच्या अंगणात बसून नीट मुलाखत घेता येत नाही, ते प्रश्नावली पोलिसासारखी वाचतात 😅

दुसरं म्हणजे एक विषय खोल द्या. मला सगळं थोडं थोडं येत होतं आणि इंटरव्ह्यूला तेच नडलं, 'पण तुम्ही नक्की काय करता'. शेवटी मी स्वतःच भूजलाकडे वळले, दोन वर्षं विहिरींची पातळी मोजत हिंडले, तेव्हा कुठे उत्तर द्यायला तोंड आलं. आता मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, असतो ना एनईपीमध्ये (नव्या शैक्षणिक धोरणात), तो नीट वापरा, भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र, अकाउंटन्सी असं काहीतरी कणा असलेलं. 'योगा आणि वेलनेस' मायनर ठेवू नका प्लीज.

---

टेंपेकर | मंगळवार, सकाळी ११.३०

इथे अ‍ॅरिझोनात राहतो, फिनिक्सच्या शेजारी टेंपेला. मुलगी इथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्कूल ऑफ सस्टेनेबिलिटीत शिकली म्हणून थोडी माहिती आहे, मी स्वतः आयटीवाला, तेव्हा जास्त खोलात विचारू नका.

हे स्कूल २००६ साली निघालं, अमेरिकेतलं अशा प्रकारचं पहिलं असं ते स्वतः सांगतात आणि ते बरोबर आहे. तुमच्या बीए की बीएस्सी या प्रश्नावर त्यांनी केलेलं उत्तर म्हणजे दोन्ही. सुरुवातीचे कोर्स सगळ्यांना सारखे, मग बीएस घेणाऱ्याला गणित, सायन्स आणि इकॉनॉमिक्स जास्त आणि बीए घेणाऱ्याला धोरण, समाज, संस्कृती या बाजूचं जास्त. मुलीनं बीएनं सुरुवात करून मग बदललं, एक सेमिस्टर लांबलं, फीचं बिल बघून मी दोन दिवस गप्प होतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हे स्कूल वाळवंटात का निघालं? २०२३ च्या जूनअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर जात होता, म्हणजे ४३ सेल्सियस. पाणी कोलोरॅडो नदीचं, कालव्यानं शेकडो मैल लांबून आणलेलं, आणि त्या नदीच्या पाण्यावरून सात राज्यांची भांडणं. मुलीचे निम्मे प्रोजेक्ट म्हणजे बसस्टॉपला सावली किती, कुठल्या वस्तीत झाडं कमी, भूजल उपशाच्या १९८० च्या कायद्यात शहराबाहेरची शेती कशी सुटली, असलेच. त्यांच्याकडे ऊन आहे, तुमच्याकडे पूर आहे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी ५१९ मीटरवर ठेवायचं की ५२४ वर यावरून तुमच्याकडे दर पावसाळ्यात जे चालतं तो एकटाच विषय एक सेमिस्टर पुरेल, जलशास्त्र झालं, कायदा झाला, राजकारण झालं, नुकसानभरपाईचा हिशोब झाला.

जर्मनीत ल्युनेबुर्गला लॉयफाना म्हणून विद्यापीठ आहे, भाचा तिथे होता. तिथे पहिलं सेमिस्टर सगळ्या शाखांच्या पोरांना एकत्र, मॅनेजमेंटवाला असो की शिक्षक होणारा. हे मला आवडलं. एकत्र बसायची सवय आधी, विषय नंतर.

नक्कल मात्र जपून करा. इथल्या संस्थेच्या मागे एका बाईंची मोठी देणगी होती, प्रत्येक पोराला सल्लागार असतो, आणि कोर्स निवडायचं स्वातंत्र्य इतकं की गोंधळ उडतो. आपल्याकडे टाइमटेबल एकदा लागलं की लागलं.

---

बापाचा_प्रश्न | मंगळवार, दुपारी २.०५

सगळं वाचलं, छान चाललंय. माझी मुलगी यंदा बारावीला आहे आणि तिला असलंच काहीतरी करायचंय. फी किती ठेवणार आणि नोकरी कोण देणार एवढं कुणीतरी सरळ सांगा. 'अफाट संधी' हे सोडून.

---

साचा_आणि_वाळू | मंगळवार, रात्री ९.२०

बापाच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मॅडम नमस्कार, मी शिक्षणातला न्हाई, आमची फाउंड्री हाय शिरोलीला, कास्टिंग म्हंजे धातूचं ओतकाम करतो, लहानच, पण चाळीस वर्षं झाली वडलांपासून.

गेल्या दोन-तीन वर्षांत काय झालंय सांगतो. आमी ज्यांना माल देतो ती कंपनी शेअर बाजारात हाय. सेबीनं २०२२-२३ पासून वरच्या हजार कंपन्यांना बीआरएसआर म्हणून रिपोर्ट सक्तीचा केलाय, वीज किती, पाणी किती, कचरा किती, कार्बन किती. आता त्यांचा आकडा भरायला त्यांना आमचा आकडा पायजे. मग एक दिवस ईमेल आला, एक्सेलशीट जोडलेलं, सत्तावीस रकाने, स्कोप वन म्हंजे आपण स्वतः जाळतो त्याचा कार्बन, स्कोप टू म्हंजे विकत घेतलेल्या विजेचा. आमचा अकाउंटंट म्हणाला हे जीएसटीचं काय नवीन हाय का. शेवटी पुण्याच्या कन्सल्टंटला पैसे देऊन भरून घेतलं, आणि त्यानं आमच्या वाळूचा रकाना मोकळाच सोडला, कारण त्याला फाउंड्रीत वाळू कचऱ्यात जाते हेच ठाऊक नव्हतं. अहो साच्याची वाळू परत परत वापरतो पण शेवटी जळून निकामी होतीच की, ट्रकनं बाहेर जाते ती. कोल्हापुरात एवढ्या फाउंड्री, सगळ्यांची मिळून किती होत असंल बघा.

तर मला असा पोरगा नाहीतर पोरगी पायजे जिला विजेचं बिल वाचता येतंय. नुसतं शेवटचा आकडा न्हाई, मॅक्झिमम डिमांड, पॉवर फॅक्टर, कुठल्या वेळेला किती युनिट, सगळं. युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा हे केंद्र सरकारच्या वीज प्राधिकरणाच्या आकड्यावरून काढायचं हे तिला ठाऊक पायजे. भट्टी इंडक्शनची असली तर हिशोब वेगळा, कोळशाच्या कुपोलाची असली तर वेगळा, हे तिनं बघून ओळखायला पायजे. प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटचा, म्हंजे परवानगीचा, कागद वाचता यायला पायजे. आणि ह्यातलं सगळं माझ्या मिस्त्रीला मराठीत सांगता यायला पायजे, कारण वाळू तो टाकतो, मी न्हाई.

इंजिनिअर हे करत न्हाई, त्याला ते कमीपणाचं वाटतंय. कॉमर्सवाल्याला भट्टीची भीती वाटतीय. मधलं कोण न्हाईच. एका फाउंड्रीला पूर्ण पगाराचं हे काम न्हाई, खरं सांगतो, पण पाच-सहा जणांत मिळून एक माणूस आमी नक्की ठेवू. पगार मात्र पुण्याएवढा धरू नका.

---

बापाचा_प्रश्न | मंगळवार, रात्री ९.४५

@साचा_आणि_वाळू, हे पहिलं उत्तर जे मला समजलं. धन्यवाद साहेब.

---

जुनी_खडूपेटी | बुधवार, सकाळी ७.३०

वर्कलोड. नियमानं सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास थेट शिकवणं. दोघं एका वर्गात उभे राहिले की ऑफिस म्हणतं तास एक, माणसं दोन, तेव्हा अर्धा अर्धा. मग कुणीही शहाणा माणूस दुसऱ्यांदा जोडीनं शिकवायला येत नाही. आणि जो येतो तो आलटून पालटून येतो, म्हणजे सोमवारी तुम्ही आणि बुधवारी अर्थशास्त्र, झाली परत भेळ. यावर एकच मार्ग मला माहीत आहे, कोर्स मंजूर करतानाच त्याच ठरावात लिहून घ्यायचं की या अमुक विषयांना दोन्ही शिक्षकांचे पूर्ण तास धरले जातील. नंतर पत्र लिहून मिळत नाही. पैसे लागणारी गोष्ट आहे त्यामुळे व्यवस्थापन परिषदेत कुणीतरी कुरकुर करणार, करू द्या. सगळ्या विषयांना मागू नका, सेमिस्टरला एकच मागा, तेवढं देतात.

आणि एनईपीतल्या त्या खोकड्यांचा राग करू नका. सेमिस्टरला २२ क्रेडिट आणि त्यात ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, व्होकेशनल स्किल, भारतीय ज्ञानपरंपरा अशी खोकडी पाडून दिलीयत, सगळे कपाळाला हात लावतात. पण तुमच्यासाठी ही आयती जागा आहे हो. फील्ड प्रोजेक्ट नदीवर, कम्युनिटी एंगेजमेंट त्याच नदीच्या काठच्या गावात, ओजेटी वरच्या फाउंड्रीवाल्यांकडे किंवा इचलकरंजीच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात. ज्ञानपरंपरेत सगळे वेद-उपनिषदातले दोन श्लोक टाकून मोकळे होतात, तुम्ही शाहू महाराजांचं राधानगरी धरण घ्या, बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायची फड पद्धत घ्या, गावोगावचे जुने पाणवठे घ्या. खोकडी वेगवेगळी, विषय एकच ठेवायचा. हे कुठल्याही नियमाच्या विरुद्ध नाही, मी तपासलंय.

अवांतर: शाश्वतता नको असेल तर 'टिकाऊ विकास' म्हणत जुने लोक. पण टिकाऊ म्हटलं की प्लास्टिकची बादली आठवते हे मान्य.

---

काठावरची_मास्तरीण | बुधवार, रात्री १०.१५

किती लिहिलंत सगळ्यांनी. आज मीटिंग होती, त्याआधी मी हा धागा प्रिंट काढून नेला (नावं खोडून).

मी एवढंच म्हटलं की पेपरची यादी बाजूला ठेवू आणि पंचगंगा घेऊ. पहिल्या वर्षी फक्त ती. मुलांनी राजाराम बंधाऱ्यावर उभं राहून पाणीपातळीची पट्टी वाचायची, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात पण ते कुणी ठरवले आणि त्या फुटाला कुठली गल्ली बुडते हे आम्हाला पाचांपैकी फक्त भूगोलाच्या सरांना सांगता आलं. मग वरून खाली यायचं. शहराच्या नाल्यांपाशी पाणी घ्यायचं, रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या मी येते, पण विरघळलेला ऑक्सिजन तिथल्या तिथे बाटलीत फिक्स करायला लागतो, लॅबला आणून चालत नाही, आणि बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायची) बाटली २७ अंशाला तीन दिवस ठेवायची म्हणजे गुरुवारी नमुना घेतला तर रविवारी कुणीतरी लॅब उघडायला पाहिजे. तिथे अर्धा तास गेला, रविवारी किल्ली कुणाकडे! शेवटी नमुने मंगळवारी घ्यायचे ठरले, तीन दिवसांनी शुक्रवार येतो. अख्खा मंगळवार रिकामा, कुठलाच तास नाही. सतरा वर्षांत, म्हणजे सोळा, मी पहिल्यांदा बघितलं की टाइमटेबल एका बाटलीमुळे ठरलं.

पुढे इचलकरंजी. २०१२ ची कावीळ तिथली अजून कुणी विसरलेलं नाही. अर्थशास्त्राचे सर आधी गप्प होते, मग म्हणाले की प्रोसेसवाल्याला सांडपाणी शुद्ध करायला मीटरमागे किती खर्च येतो आणि कापडाच्या दरात तो बसतो का हे काढल्याशिवाय नुसतं प्रदूषण प्रदूषण ओरडून काय उपयोग, आणि हे मी मुलांकडून काढून घेईन. दुसरं वर्ष शिरोळचं. क्षारपड जमीन. ऊस, लिफ्ट इरिगेशन, पाणी जास्त, निचरा नाही, वर मीठ आलं आणि रान पडलं. आता जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात, पण ते एकट्यादुकट्याच्या रानात होत नाही, शेजाऱ्याच्या बांधातून पाइप न्यावा लागतो, ओढ्यापर्यंत. म्हणजे मातीशास्त्र आणि भाऊबंदकी एकाच पेपरात. कॉमर्सच्या मॅडमचं माहेर तिकडचंच निघालं, त्यांच्या वडलांनी त्यासाठी कर्ज काढलंय, त्याचा हप्ता आणि वाढलेलं उत्पादन हा हिशोबच त्या शिकवणार. एवढे महिने त्या 'ग्रीन अकाउंटिंग'चं परदेशी पुस्तक घेऊन बसल्या होत्या.

सगळं गोड झालं असं समजू नका. माझा इकॉलॉजीचा पेपर गेला, तुकडे होऊन इकडे तिकडे विखुरला, आणि मला वाटलं त्यापेक्षा जास्त लागलं ते. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी नंतर फोन केला की आमचे दोन पेपर कमी झाले तर आमची पोस्ट जाईल. त्यांचं चूक नाही. पोस्ट तासांवर असते, हे कुणाच्याच तक्त्यात येत नाही. @जुनी_खडूपेटी सर, यावर काही आहे का?

बीए-बीएस्सी दोन्ही ठेवतोय, पहिले दोन सेमिस्टर एकत्र. 'आकड्यांची सवय' असा एक विषय पहिल्या सेमिस्टरला, @मधल्या_बाकावरची ताई, टँकरचं गणित पहिल्या पानावर घेतलंय. प्रवेशसंख्या साठची तीस करून मागितलीये, कारण साठ पोरांना घेऊन बंधाऱ्यावर उभं राहता येत नाही. कुलगुरू अजून काही बोलले नाहीत. आणि @बापाचा_प्रश्न, फी अजून ठरलेली नाही, विनाअनुदानित असणार हे मात्र नक्की, त्यामुळे बीएस्सीच्या साध्या फीपेक्षा जास्त. खोटं कशाला सांगू.

---

जुनी_खडूपेटी | गुरुवार, सकाळी ६.५०

पोस्टचं: त्यांचे पेपर काढून घेऊ नका, त्यांचेच तास नव्या विषयात त्यांच्या विभागाच्या नावानं लिहा. नदीच्या पाण्याचं प्रॅक्टिकल रसायनशास्त्र विभागाचंच आहे, जागा फक्त बंधारा. एक क्रेडिटला प्रॅक्टिकलचे तीस तास लागतात आणि थिअरीचे पंधरा, म्हणजे पेपर कमी झाला तरी तास कमी होतीलच असं नाही, उलट वाढतील. विभागप्रमुखांना कॅल्क्युलेटर घेऊन बसवा, पंधरा मिनिटांत शांत होतील. आणि रविवारच्या किल्लीवरून आठवलं, मंगळवारी दिवाळी-गणपतीची सुट्टी आली की तुमची साखळी तुटणार. दोन नमुने जास्तीचे धरून चाला.

---

मधल्या_बाकावरची | गुरुवार, सकाळी ८.४०

पहिल्या पानावर टँकर! आईला दाखवला हा धागा 😍

एक राहिलं. मुलांनी गोळा केलेली माहिती फेकून देऊ नका, दर वर्षीची एकाच शीटमध्ये ठेवा, तीच जागा, तीच वेळ. आमच्या बॅचचं सगळं कपाटात गेलं आणि पुढच्या बॅचनं परत पहिल्यापासून सुरू केलं. आणि वेळ खरंच तीच ठेवा, ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, दुपारी शेवाळामुळे चढतो. एका वर्षी सकाळी आणि दुसऱ्या वर्षी जेवण करून दुपारी गेलात तर नदी सुधारली असं वाटेल.

---

साचा_आणि_वाळू | गुरुवार, रात्री १०.०५

मॅडम, मंगळवारी आमच्याकडं पण आणा पोरं. फक्त एक, चप्पल घालून न्हाई, बूट पायजेत, आणि ओढण्या-बिढण्या बांधून. आमी वर्षानुवर्षं रात्रीच भट्टी लावतो, रात्रीच्या युनिटला सवलत असायची म्हणून सवय पडलीय, तेव्हा ओतकाम बघायचं असंल तर संध्याकाळी सातच्या पुढं यायला लागंल, पोरींच्या घरी आधी सांगून ठेवा, परत सोडायची गाडी मी देतो. बारा महिन्यांची बिलं काढून ठेवलीत. त्या सत्तावीस रकान्यांचं शीट पण देतो, वाळूचा रकाना अजून मोकळाच हाय.